बाराबंदीचा ताळेबंद

आमच्या कोल्हापुरात 'गाऊन' या शब्दाला एकच अर्थ आहे. सकाळी दूध घ्यायला, कचऱ्याची गाडी आली की फाटकापर्यंत जायला आणि दुपारच्या चहापर्यंत घरात वावरायला बायका जो पायघोळ, फुलाफुलांचा सुती झगा घालतात, तो गाऊन. वरून ओढणी टाकली की तो गल्लीतही चालतो. त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरी 'जुन्या काळचे गाऊन' शिवतो असे कुणाला सांगितले की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग आमच्या सौ.कडे पाहतो. शेजारच्या वहिनींनी तर पहिल्याच आठवड्यात विचारले, "भाऊजी, फॉल-पिको पण करता का?" मी नाही म्हटल्यावर माझ्या शिवणकामातला त्यांचा रस संपला.

मी ज्या गाऊनविषयी बोलतो तो बायकांचा नाहीच. कलावंतिणींचा पेशवाज सोडला तर मराठी स्त्रीने पायघोळ, शिवलेला झगा फारसा घातला नाही. तिचे नऊवारी लुगडे न शिवलेले. शिवलेली होती ती फक्त चोळी. छातीशी घट्ट, कमरेशी जोडलेला आणि खाली घेरदार असा झगा मिरवत होते ते पुरुष. त्याचे नाव जामा. त्याचा भाऊबंद अंगरखा आणि आखूड अंगाची, रोजच्या वापरातली बाराबंदी. जामा अंगावरून गेला, पण भाषेतून गेला नाही. पायात घालायचा जामा तो पायजमा. जामा आणि त्याच्या जोडीचा निमा मिळून झाला जामानिमा. आज आपण लग्नाला निघताना 'सगळा जामानिमा करून' म्हणतो तेव्हा अंगावर सफारी असतो, हा भाग वेगळा.

या झग्याने आपल्याबाहेरही बराच प्रवास केला. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले सुखवस्तू पुरुष घरात असताना तंग कोट काढून ठेवून एक सैल, पायघोळ झगा घालत. त्याला ते 'बॅनियन' म्हणत. हा शब्द आपल्या बनियावरून, म्हणजे वाण्यावरून गेलेला. सुरतेच्या आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांना गोऱ्यांनी जे नाव दिले तेच त्यांनी पूर्वेकडच्या या झग्याला चिकटवले. पुढे तोच शब्द इंग्रजीतून आपल्याकडे परत आला आणि शर्टाच्या आतल्या बिनबाह्यांच्या कपड्यावर येऊन बसला. थोडक्यात, पाठवला तो झगा आणि परत आला तो बनियन. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा व्यवहार तोट्याचाच वाटणार.

शिवणाकडे मी वळलो तो कादंबरीमुळे. लिहायला घेतलेल्या कादंबरीत पेशवाईच्या उत्तरकाळातला एक कारकून रात्री उशिरा घरी येतो, अंगरखा काढतो आणि खुंटीला टांगतो, असा प्रसंग होता. वाक्य साधे होते. पण लेखणी तिथेच अडली. अंगरखा काढतो म्हणजे नेमके काय करतो? किती गाठी सोडतो? एका हाताने सुटतात की बायकोला हाक मारावी लागते? आधी बाहेरचा बंद की आतला? बखरी चाळल्या, पत्रे चाळली. खिलतीत कुणाला कोणते वस्त्र मिळाले ते सापडते. ते वस्त्र अंगातून कसे काढत, हे मात्र कुणी लिहिलेले नाही. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या कुणीच लिहून ठेवत नाही आणि म्हणून त्या सगळ्यात आधी हरवतात. तेव्हा ठरवले की अंगरखा एकदा शिवून, घालून आणि काढून पाहावा. घरात आईचे पायमशीन होते. पट्टा नवा बसवला, तेल घातले आणि बसलो.

प्रश्न पहिला: नमुना कुठून आणायचा? ऐतिहासिक पोशाख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती ड्रेपरी. लाल-जांभळी मखमल, तिला चकाकती जरीची पट्टी, पाठीमागे चेन किंवा हूक आणि गळ्यात प्लॅस्टिकच्या मोत्यांची माळ. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून शिवजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत हीच ड्रेपरी भाड्याने येते. ड्रेपरीवाल्याची यात चूक नाही. एक पोशाख त्याला वर्षात पन्नास अंगांवर चढवायचा असतो आणि तो शेवटच्या रांगेतून दिसायला हवा असतो. मखमल त्या काळी नव्हती असेही नाही. पण दरबारातला एक दिवस म्हणजे माणसाचे आयुष्य नव्हे. उरलेल्या दिवसांत, आपल्या या उन्हात, घोड्यावर आणि घाटात माणसे काय घालत होती, हे ड्रेपरी सांगत नाही.

चित्रे थोडे सांगतात. सतराव्या शतकात दख्खनेत काढलेली शिवछत्रपतींची लघुचित्रे आज परदेशांतल्या संग्रहांत आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधल्या, विट्सन या तिथल्याच नगराध्यक्षाने जमवलेल्या चित्रसंग्रहात एक आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे समकालीन चित्र १९३३ साली प्रकाशात आणले, तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून पूजले जात होते. चेहऱ्याच्या बाबतीत जे झाले ते वस्त्रांच्या बाबतीत आजही चालू आहे. या जुन्या चित्रांत जामा आहे, कमरेला पटका आहे, खाली पायजमा आहे. छातीवर चेन-हूक कुठेच नाहीत. लोकमान्यांची छायाचित्रे तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्यांच्या अंगावरचा पांढरा अंगरखा आपण लहानपणापासून पाहतो. तो कसा शिवला असेल, असा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही.

चित्र बाहेरचे दाखवते, शिवण आतली असते. आमच्या नव्या राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयात राजघराण्यातले पोशाख पाहायला मिळतात, पण काचेआडचा अंगरखा उलटा करून बघता येत नाही. तिथे उपयोगी पडतात ती ज्यांनी असे कपडे हातात घेऊन मोजले त्यांची पुस्तके. इंग्लंडमध्ये जॅनेट आर्नल्ड नावाच्या बाईंनी संग्रहालयांतले जुने झगे इंचाइंचाने मोजून त्यांचे आराखडे छापायला १९६४ पासून सुरुवात केली. तिकडे घरबसल्या जुने गाऊन शिवणाऱ्या हौशी लोकांची ती पोथीच आहे. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयातल्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामी यांचा मोठा ग्रंथ १९९३ साली आला. त्यात जामे आणि अंगरखे यांच्या मोजमापांची रेखाचित्रे आहेत. आणि फार मागे जायचे तर अबुल फझल आहेच. 'ऐन-इ-अकबरी'त त्याने बादशहाच्या कपड्यांना कापड किती लागते आणि शिलाई किती पडते, हेही नोंदवले आहे. एका हिंदुस्थानी अंगरख्याविषयी तो सांगतो की पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे आणले. पुढे मुसलमानांनी उजवीकडे आणि हिंदूंनी डावीकडे बांधायचे, असा सर्वसाधारण संकेत रुळला. एका गाठीची जागा बदलली की माणूस कोण ते कळत असे. कादंबरीकाराला असे तपशील मोहरांपेक्षा मोलाचे.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नमुना नेहमी मांजरपाटाचा करावा. स्वस्त असतो, खडूची रेघ छान उमटते आणि कात्री फिरवताना हात थरथरत नाही. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा, म्हणजे आटायचा तेवढा आटतो. मग तो जमिनीवर पसरावा आणि त्याच्याकडे नुसते बघत बसावे. आपल्या भाषेत कापड नुसते कापायचे नसते, ते बेतायचे असते. बेत आणि बेतणे हे शब्द शेजारी शेजारी नांदतात ते उगीच नव्हे. सगळी अक्कल कात्री उचलण्याआधी लागते.

आजचा शर्ट बेतताना आपण गोल मुंढा कापतो, बाहीला बाक देतो, आणि कापडाच्या कडेकडेने चंद्रकोरी, त्रिकोण अशा चिंध्या उरतात. जुन्या अंगरख्यात आणि बाराबंदीत असला उधळेपणा नाही. अंग सरळ, बाही सरळ. पण सरळ बाही सरळ अंगाला जोडली की हात वर करताना सगळा कपडा ओढला जातो. यावर जुन्या शिंप्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चौबगला, बगलेत बसवलेला चौकोनी तुकडा. तो कोनावर उभा बसवायचा. एक कोपरा अंगाच्या कुशीत, दुसरा बाहीच्या शिवणीत. हात खाली असला की तो घडी होऊन लपतो, हात वर केला की पंख्यासारखा उघडतो. बँकेत वरच्या फळीवरचे लेजर काढायला हात उंचावला की खोचलेला शर्ट हमखास बाहेर यायचा. बाराबंदी घालून मी घरातल्या माळ्यावरचा डबा काढून पाहिला. कपडा जागचा हलला नाही. शिवाय घामाने कपडा आधी विरतो तो बगलेतच. तिथला चौकोन उसवून नवा लावला की बाकीचा अंगरखा आणखी काही वर्षे चालतो.

खरी गंमत घेराची आहे. जाम्याचा घेर कळ्यांचा असतो. कळी वर अरुंद आणि खाली रुंद. आता एक हिशेब पाहा. चाळीस इंच पन्ह्याचे कापड घ्या. एक वार लांबीत वीस इंच रुंदीचे दोन उभे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा तिरपा असा कापायचा की एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला सोळा इंच रुंदी येईल. दोन कळ्या मिळतात, एक सुलटी आणि एक उलटी, आणि मध्ये चिंधी शून्य. चार वारांत अशा सोळा कळ्या. शिवणीसाठी प्रत्येकीतला एक इंच सोडला तर कमरेशी अठ्ठेचाळीस इंच होतात. त्यातले बारा एकावर एक येणाऱ्या पाखांसाठी, उरलेले छत्तीस अंगाभोवती. आणि खाली घेर? दोनशे चाळीस इंच, म्हणजे साडेसहा वारांहून जास्त. चार वार कापडातून साडेसहा वारांचा घेर! तळाला गोलाई देताना थोडे कापड निघते तेवढेच काय ते. दिवसाअखेर जमा-खर्चाची शेवटची ओळ जुळल्यावर कॅशियरच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते मला पहिल्यांदा कळ्या मांडल्यावर मिळाले. पथ्य एकच: कापडावर एकाच दिशेने उगवलेली फुले नसावीत. नाहीतर निम्म्या कळ्यांत बाग शीर्षासन करते.

कळ्या जोडताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरप्या कडेला लावायची. तिरपी म्हणजे उरेप कड ओढली की वाढते. सरळ कड तिला धरून ठेवते. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर घेर ठिकठिकाणी लोंबू लागतो. संसारातही बहुधा हेच सूत्र असावे, पण तो या लेखाचा विषय नाही.

आणि हे सगळे हाताने. शिवणयंत्र आले एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधीचा प्रत्येक जामा सुई-दोऱ्याचा. सोळा कळ्यांचे पंधरा जोड, प्रत्येक एक वाराचा. इंचाला आठ टाके धरले तर नुसते जोड चार हजारांवर टाके खातात. दोनशे चाळीस इंचांची तळाची दुमड आणखी एकोणीसशे. हा आकडा कागदावर मांडेपर्यंत शिंपी या शब्दाचे वजन मला कळले नव्हते. सुई धरणारा नामदेव संतपदाला पोचला याचे आपल्याला कौतुक वाटते. मला आता वाटते, इतके टाके एकाग्रतेने घालणाऱ्या माणसाला ती वाट तशी ओळखीचीच असणार.

कारकुनाच्या गाठींचे उत्तर मला बाराबंदीने दिले. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. एक पाखा आत जातो, त्याचे बंद आतून कुशीशी बांधायचे. दुसरा पाखा त्यावर येतो, त्याचे बंद बाहेरून. बांधायची ती सुरगाठ, निरगाठ नव्हे. सुरगाठीचे टोक ओढले की ती एका हाताने, अंधारातही सुटते. म्हणजे माझ्या कारकुनाला बायकोला उठवायचे कारण नव्हते. आधी बाहेरच्या गाठी, मग आतल्या, आणि शेवटी खांद्यावरून कपडा उतरताना एक सुस्कारा. सगळा परिच्छेद आपोआप लिहून झाला. तो सुस्कारा मी रचलेला नाही. बंद सुटताना माझाच सुटला होता.

बंद आणि बटण यांतला फरकही तेव्हाच ध्यानात आला. बटणाला एकच काज आणि एकच माप. पोट वाढले की बटण तुटते. बंदाची गाठ जेवणानंतर बोटभर सैल करता येते, थंडीत बोटभर आवळता येते. बापाचा अंगरखा मुलाला होतो, धाकट्या भावाला होतो. तयार कपड्यांच्या दुकानात आपण मापाच्या आकड्यात स्वतःला बसवायला धडपडतो. जुन्या काळी कपडा माणसाला सामावून घेत होता.

याही मागे एक गोष्ट आहे. आपल्या परंपरेत अर्धे शिंपीकाम मागावरच उरकलेले असे. नऊवारी म्हणजे नऊ वार. ते मागावरून उतरतानाच काठपदरासकट पूर्ण असते. खण म्हणजे एका चोळीचे कापड, बेतून विणलेले. त्याचे काठ बाहीच्या कडेला कसे येतील ते विणकर आधीच ठरवतो. अंबाबाईची ओटी आपण खणा-नारळाने भरतो तेव्हा देवीला नुसते कापड देत नाही, एका वस्त्राचे माप देतो. गुळेदगुड्डचे खण आणि इलकलची लुगडी कर्नाटकातून येऊन आमच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली. जवळच इचलकरंजी, तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे नशीब पालटले. यंत्रमागाने कापड मुबलक केले, पन्हा रुंद केला. कापड मुबलक झाले तसा चिंधीचा हिशेब संपला. काटकसरीतून जन्मलेले बेतणे मग कशाला कोण लक्षात ठेवील?

कोल्हापूरने मात्र ते काही काळ लक्षात ठेवले होते. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे उभी केली. 'सैरंध्री' १९२० साली आला, 'सिंहगड' १९२३ साली. पडद्यावरचा इतिहास कसा दिसावा हे ठरवणारा माणूस मुळात चित्रकार-शिल्पकार होता, ही आपल्या सिनेमाची भाग्याची गोष्ट. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात काढली आणि पुण्याला जाण्याआधी 'अयोध्येचा राजा' इथेच केला. भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर'पासून 'मराठा तितुका मेळवावा'पर्यंत मावळ्यांचा पोशाख महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसवला. एवढे चित्रपट म्हणजे किती अंगरखे, किती बाराबंद्या! कुणीतरी ते बेतले, कुणीतरी रात्री जागून बंद लावले. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही, मिळाली तरी एका ओळीची.

आणि याच गावात, २८ एप्रिल १९२९ रोजी, चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी भानुमती जन्मली. जगाला ती भानू अथैया म्हणून माहीत झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, चित्रकार म्हणून नाव कमावू शकल्या असत्या अशा या बाईंनी कपड्यांचा मार्ग धरला. 'सीआयडी' १९५६ चा, 'आम्रपाली' १९६६ चा. नंतर आला रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी', आणि एप्रिल १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हा विचार मला फार सुखावतो, की भारताचे पहिले ऑस्कर एका कोल्हापूरच्या लेकीला मिळाले, तेही कपड्यांसाठी. आणि त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी मखमल नव्हती, खादी होती. बॅरिस्टरच्या कोटापासून पंचापर्यंत एका माणसाचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता. साध्या सुती कापडातही इतिहास मावतो, याचा याहून मोठा दाखला कुठला? २०१२ साली त्यांनी ती बाहुली सुरक्षित राहावी म्हणून ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच परत सोपवली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या.

त्यांना ती परत का द्यावीशी वाटली, याचा विचार करताना मला आपल्या गावातल्या आगी आठवतात. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेले जुने पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती, कलावंत आणि नुसते प्रेक्षकही. इमारत पुन्हा उभी करता येते, कारण तिचे नकाशे असतात, छायाचित्रे असतात. कपड्याचे तसे नसते. त्याला जाळायला आगही लागत नाही. ओल, कसर, झुरळ आणि घडीवर पडलेली जुनी रेघ पुरते. दगडाचा किल्ला साडेतीनशे वर्षे उभा राहतो. त्यावर पहारा देणाऱ्याची बाराबंदी त्याच्या नातवापर्यंतही पोचत नाही. तिची टिकण्याची एकच रीत होती, ती म्हणजे पुन्हा पुन्हा शिवली जाणे. ती शिवायची थांबली त्या दिवशी ती संपायला लागली.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे शिंपी आहेत. नाटक कंपन्यांचे आणि सिनेमाचे कपडे शिवण्यात त्यांची उमेद गेली. चौबगल्याचा कोपरा मला काही केल्या सपाट बसत नव्हता म्हणून त्यांच्याकडे गेलो. आता त्यांना दोरा ओवता येत नाही, पण कापड हातात दिल्यावर बोटांनी आपोआप घडी घातली. "कोपऱ्यात एक टाका कमी घ्यायचा बगा सायेब. कापडाला श्वास घ्याय जागा ठेवायची," ते म्हणाले. मी विचारले, हे तुम्ही मुलाला शिकवले का? मुलाचे चांगले दुकान आहे, जीनच्या पँटी आखूड करून देण्याचे. म्हातारा हसला. "त्यानं इचारलंच न्हाई, आणि मला बी सांगायचं सुचलं न्हाई." कोपऱ्यातला तो एक टाका कुठल्याही ग्रंथाच्या रेखाचित्रात मला सापडलेला नाही. तो त्यांच्या बोटांत होता. आता तो माझ्याही बोटांत आहे, आणि मी पासष्टी ओलांडलेला माणूस आहे. ही काही सुरक्षित ठेव नव्हे.

म्हणून सांगावेसे वाटते. घरोघरी शिवणयंत्रे आहेत. पांघरूण घालून, वर टीव्हीचा रिमोट ठेवलेली. शिवजयंती दरवर्षी येते, शाळेची स्नेहसंमेलने येतात, आणि आपण मुलांसाठी घामाने चिकटणारी मखमल भाड्याने आणतो. एका वर्षी ती आणू नका. दोन-अडीच वार सुती कापड घ्या आणि मुलाला समोर बसवून बाराबंदी बेता. सरळ अंग, सरळ बाह्या, बगलेत चौकोन, सहा जोड्या बंद. जिथे बंद लावाल तिथे आतून कापडाचा छोटा तुकडा द्या, नाहीतर ताणाने अंग फाटते. दोन रविवारांत होते. मुलांनाही शिवता येते. धावदोरा घालायला वय लागत नाही. आणि शिवताना तुमच्या घरातली एखादी आजी 'असं नाही, असं' म्हणून सुई हातातून काढून घेईल, तर ती काढू द्या आणि नीट बघा. आजच्या दिवसात याहून मौल्यवान असे फारसे काही तुमच्या घरात घडणार नाही.

आमच्या नातीने मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात मी शिवलेली पांढरी बाराबंदी घातली होती. भोवतीच्या लाल-जांभळ्या मखमलीत ती अगदीच फिकी दिसत होती, हे खरे. घरी आल्यावर मी विचारले, "कुणी काही म्हणालं का गं?" म्हणाली, "आजोबा, सगळ्यांना उकडत होतं. मला नाही." मग तिने एका हाताने, न बघता, ओळीने गाठी सोडल्या आणि खेळायला पळाली.